कीझायासाठी दुःखाची वर्गणी

तीर्थस्वरूप अर्नेस्टीनताईस,

धाकट्या व्हर्लीनचा साष्टांग नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा मनातल्या मनात). क्लीव्हलंडच्या थंडीत तुझा दमा कसा आहे? इकडे जॉर्जियात सगळे खुशाल. फक्त मला चर्चमध्ये तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

त्याचं असं झालं. माझी नात कीझाया यंदा कॉलेजला अर्ज करतेय. सुप्रीम कोर्टाच्या त्या निकालापासून कॉलेजांना प्रवेश देताना मुलांचा वर्ण बघता येत नाही. मात्र काळं असल्यामुळे आपल्या वाट्याला काय आलं, हे मूल निबंधात लिहू शकतं. (म्हणजे दार बंद, पण खिडकीतून रडलेलं चालेल.) हे मी प्रार्थनेनंतर जेवताना बोलून बसले. आपल्या चर्चची रीत तुला ठाऊकच आहे, कुणाची अडचण कळली की प्रत्येकाने काहीतरी घेऊन यायचं. पुढच्या रविवारी सगळे आपापलं दुःख घेऊन हजर! आपल्या चर्चचे म्हातारे डीकन थॅडियस तरुणपणी फक्त गोऱ्यांसाठीच्या हॉटेलात निषेध म्हणून जाऊन बसले होते, तेव्हा डोक्यावर ओतलेला मिल्कशेक त्यांनी देऊ केला. म्हणाले, "पोरी, तुझंच म्हणून लिही. मला आता त्याचा काय उपयोग?" सिस्टर ओफेलियाला स्वतःचं दुःख जास्त भारी वाटत होतं, त्यावरून दोघांची जुंपली.

कीझायाने सगळं ऐकून घेतलं आणि घरी येताना म्हणाली, "आजी, मला माझ्या मधमाश्यांवर लिहायचंय. वर्गातला हॅरिसन बुद्धिबळावर लिहितोय. त्याला कुणी विचारतं का, तुझं काय दुखतं म्हणून?"

"आणि माश्यांपायी प्रवेश हुकला तर?"

"आणि दुःखापायी मिळाला, तर तिकडे चार वर्षं तोंड पाडून फिरू?"

मला राग आला, तिचा नव्हे. वर्ण गाळला तर अर्धीच कीझाया, तेवढाच लिहिला तरी अर्धीच. आणि निवड करायची त्या सतरा वर्षांच्या पोरीने.

तुझी,
व्हर्लीन

ता. क. निबंध माश्यांवरच गेला. थॅडियस रुसलेत.

ता. क. पुन्हा. खरं काम आता सांगते. त्या गडबडीत मी तुझंही दुःख पुढे केलं होतं, कॉलेजने तुला काळी म्हणून दारातून परत धाडलं ते. कीझायाने एवढंच विचारलं, "पण मोठ्या आजीला शिकायचं काय होतं?" ताई, जन्मभर आम्ही त्या बंद दाराचीच गोष्ट सांगत आलो. हे मी तुला कधी विचारलंच नाही. पोर रविवारी फोन करील, तिला सांग. मी शेजारीच बसलेली असेन, मध्ये बोलणार नाही.