वाया घालवलेल्या काचा

कल्याण, माघ शके १८१८

चि. सौ. यमुनेस सासूचे अनेक आशीर्वाद.

तुझा त्र्यंबक सुखरूप आहे, पोटभर जेवतो. तो आंघोळीला गेलाय, तोवर शेजारची सरोज माझं बोलणं लिहून घेते आहे. म्हैस व्याली का?

इथे गाठीच्या तापाने आळ्या ओस पडल्यात आणि याला नेमके तिथलेच फोटो हवेत. म्हणून रोज सकाळी मी म्हणते, "अरे, आधी माझा काढ." त्याच्या फोटोच्या पेटीचं झाकण निघालं की मान हलवते. फोटो पुसट येतो.

"आजी, हलू नको गं!" म्हणत पोर फोटो उमटवायची काचेमागून काच घालवतं आणि घरीच राहतं.

आता दोनच काचा उरल्यात. नव्या परवा येतील. त्याआधी तू आजारी असल्याचं कळवून त्याला ठाण्याला बोलाव. तापाचं नाव मात्र काढू नकोस, बाई. पाय मुरगळला म्हण.

तुझी हलणारी सासू