सायलेन्सरवरचा रेडिओ

वडील बहीण बुर्मा एजे हिस धाकट्या सायराचा सलाम.

पार्सल पोचलं. चहा दोन पुडे, जर्दाळू एक पिशवी, सासूबाईंचे मोजे एक जोड (दोन्ही डाव्या पायाचे वाटतात, पण त्या खूश आहेत). सोडवायला तीस कोपेक पडले. तुझे गुडघे कसे आहेत? आम्ही इथे कुरणावर अल्लाच्या कृपेने सुखरूप, मेंढ्याही.

शुक्रवारी माझी नाझिक पहिल्यांदा राजधानीत, फ्रुंझेच्या रेडिओवर गाणार होती, आणि आमच्या रेडिओचे सेल संपलेले. आमचे हे म्हणाले, बाबांच्या कंदिलाची युक्ती गाडीला लावतो. आठवतो ना तो कंदील? खाली रॉकेलची ज्योत, वर पत्र्याचे पंख, तिथून तार रेडिओला. मधल्या पट्ट्यांनी ज्योतीच्या अंगाने तापायचं, पंखांच्या अंगाने गार राहायचं, की वीज. सगळी वस्ती बूट बाहेर काढून बसायची, आणि वात जरा उतरली की गवयाचा घसा बसायचा. (तो कंदील तुझ्याकडेच शोभतो. मी कधी मागितला का?)

यांनी हवामान ठाण्याच्या मोडक्या यंत्रातल्या पट्ट्या सायलेन्सरवर आवळल्या, वर पत्र्याचे पंख. गाडीला बॅटरी असतेच ना, असं मी विचारलं. ती बारा व्होल्टची, रेडिओ नऊचा, जळेल, म्हणाले. मी काय, नुसती मॅट्रिक. गुरुवारी रेडिओ हूं की चूं करेना. यांनी तीनदा सगळं खोललं आणि जेवले नाहीत.

शुक्रवारी मात्र लागला. निवेदिकेने नाझिकचं नाव घेतलं, पण इंजिनाच्या घरघरीत पुढचं काही कळेना. सासूबाई म्हणाल्या, "अरे, ही पोर गातेय की तुझी गाडी?"

"आई, गाडी थांबली की रेडिओही थांबेल."

"थांबू दे. थांबेपर्यंत तरी ऐकू."

आणि त्यांनी स्वतः किल्ली फिरवली. एजे, तापलेल्या नळीच्या उरल्या उबेवर पोर दोन कडवी गायली. आपल्या आईची अंगाई. तिसऱ्याला आवाज बसत गेला, थेट बाबांच्या कंदिलासारखा. यांनी सायलेन्सरवर हात ठेवला, जणू ऊब धरून ठेवता येते.

तुझी,
सायरा

ता.क. सोबत कुरुत पाठवलंय. दह्याच्या या गोळ्या गुरुवारी मी त्याच पत्र्याच्या पंखांवर फडकं पसरून वाळत घातल्या होत्या. फडक्याखाली पंख गार कसले राहतात, आणि रेडिओ कसला लागतो! यांना सांगू नकोस. पेट्रोलचा वास आला तर धुऊन खा.

ता.क. दुसरा. बारा तारखेला नाझिक पुन्हा गाणार आहे, या वेळी पाचही कडवी. कंदील पाठव. वात मी घालीन. पाठवतेस की नाही, ते उलटटपाली कळव.