वादळ सूर्याचं, बटण माझं

मंगळ., २० जाने.
सगळं बदललं ते आज चारच्या सुमाराला. काटेवाडीहून ड्रोन घेऊन इंदापूरला गेलो होतो, बाबूरावांच्या उसात तणनाशक मारायला. बांधापलीकडं कॉलेजातल्या वैष्णवीच्या आबांचा टोमॅटो, म्हणून जरा ऐटीतच उडवत होतो. स्क्रीनवर लाल अक्षरं आली, जीपीएस कमजोर. बाबूराव म्हणाले, "आटप की लेका, वारं सुटायच्या आत." दाबलं चालूचं बटण. ड्रोन सरी सोडून सरकला तो थेट बांधापलीकडं, फवारतच. ओढून आणेस्तोवर टोमॅटोची एक कड भिजली.
वै.ला कळवलं. 

बुध., २१
वै.चा फोन, कॉलेजच्या जिन्यातून. मी कॉलेजात होतो तेव्हा फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला आमचं टेबल एकच होतं. एकदा चुंबकसुई थरथरली, सर म्हणाले तूच हलवलीस, मी भांडलो, दुसऱ्या वर्षालाच कॉलेज सोडलं. ती तिसऱ्याला आहे.
म्हणाली, "सूर्याकडून वारा येतच असतो. पृथ्वीचं चुंबकक्षेत्र म्हणजे आपलं शेडनेट समज, ते अडवतं. काल झोतच असा आला की नेट दबलं. आत सगळं हललं, वरची हवा बिघडली, उपग्रहाचा सिग्नल चुकीचा आला. ड्रोनला वाटलं, आपण सरीतच आहे."
म्हटलं, मग माझी काय चूक?
हळूच म्हणाली, "वादळ सूर्याचं. बटण तुझं."
फोन गादीवर आपटला. उचलून बघतो तर ती अजून लाइनवरच.

शुक्र., २३
टोमॅटोचे शेंडे वळले. आबांकडं गेलो. नीट सांगायचं ठरवून गेलेलो, पण "डोळं कुठं हुतं तुझं?" म्हणाले आणि डोकं फिरलं. सूर्य, चुंबक, उपग्रह, सगळं ओकलो.
"सूर्यानं केलं व्हय? मग त्यालाच बोलव. देतो पाठीवर फवारणीचा पंप." आणि मग, "कालेज सोडल्याला हे शिकवलं कुणी?"
तोंडात आलेलं नाव गिळलं. ती माझ्याशी बोलते हे कळलं तर तिचं कॉलेज बंद. एवढं तरी मला कळतं.
आतून आवाज आला, "मी शिकवलं, आबा."
वै. दारात उभी. ओढणीला खडूची पूड. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.
आबा माझ्याकडं वळले. मग, "जा तू." चिडले असते तर बरं झालं असतं.

शनि., २४
वै.चा फोन बंद.
आई म्हणते, औषधाचा झटका बसला की गुळाचं पाणी मारत्यात. एखादं झाड सावरतं, एखादं न्हाय. म्हटलं, ड्रोननं झटक्यात होईल. आईनं माळ्याकडं बोट दाखवलं. माळ्यावरनं फवारणीचा हातपंप काढला, तीनदा धुतला.
संध्याकाळी आबांचा फोन.
"निवळला का तुझा सूर्य?"
"निवळला, आबा."
"तिला इचारून सांगतोस?"
"न्हाय. तिचा फोन बंद हाय."
"माझ्याच खिशात हाय त्यो." फोन ठेवला.
का केला असेल फोन?

रवि., २५
गूळ रात्रीच भिजत घातला होता. आता पहाटे गाळून घेतला.
"बटण माझंच होतं, आबा." एवढंच म्हणायचं, पुढं तोंड उघडायचं नाही. त्यांनी बांधावरनं परत धाडलं तर... तर उद्या पुन्हा. ती झेंडावंदनाला कॉलेजात गेली की नाही, तेही उद्याच कळेल.
ड्रोन कोपऱ्यात राहू दे. पंप पाठीवर घेतलाय, पट्टा काचतोय, उभ्यानंच लिहितोय. आई झोपलीय, इंदापूरची पहिली एसटी गाठायचीय. दार हळू ओढून घेतो.