दोन्ही हात स्टेअरिंगवर

आबा, मी आता बारामतीत बायकांना गाडी शिकवते. हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी क्लास काढला. हल्लीच्या गाड्यांचं स्टेअरिंग एका बोटानं फिरतं, त्यामुळे बायका विचारतात, दोन्ही हात कशाला? मी तुमचंच उत्तर देते, फक्त जरा शहरी बोलून.

तुम्ही कारखान्याचा उसाचा ट्रक चालवायचात, पण मला शिकवायला सुरुवात केलीत ती स्वयंपाकघरात. आईची परात माझ्या हातात उभी दिलीत आणि समोर पाटावर बसलात. "घड्याळ समज. डावा हात नवावर, उजवा तिनावर. एकानं वडायचं, दुसऱ्यानं ढकलायचं. हातावर हात चढवायचा न्हाय." आई पिठाचा डबा घेऊन उभी. "पोरगी डायवर व्हईल तवा व्हईल, आदी परात द्या. भाकरी करायचीय." तुम्ही म्हणालात, "येकच वळण ऱ्हायलंय." ते एक वळण काही संपेना, आणि शेवटी आईच हसत चुलीपुढं बसून राहिली. निरवांगीत तेव्हा एकही बाई गाडी चालवत नव्हती. लोक तुम्हाला काय काय बोलले असतील, ते मला कधी कळू दिलं नाहीत.

मग तुम्ही जुनी जीप आणलीत. कॅनॉलच्या कच्च्या रस्त्यावर मी स्टेअरिंग मुठीत आवळून धरलं होतं, अंगठे आत. चाकाखाली धोंडा आला, स्टेअरिंग गर्रकन उलटं फिरलं आणि अंगठ्यातून कळ डोक्यात गेली. "अंगठा भायेर म्हनलो हुतो का न्हाय? कान कुठं ठिवलं हुतं?" भर रस्त्यात ओरडलात. घरी आल्यावर मात्र हळद गरम करून तुम्हीच लावलीत.

पुढं एके दिवशी दुपारी तुम्ही छाती धरून रानातून आलात. मी जीप काढली. तुम्ही माझ्या डाव्या बाजूला बसलात, मान मागं टाकून. अंथुर्णे मागं पडतं, पुढं वळण येतं, समोरून दोन ट्रॉल्या ओढत उसाचा ट्रॅक्टर. माझे दोन्ही हात स्टेअरिंगवर आहेत. तेवढ्यात तुमचा हात माझ्या मनगटावर येतो. गार, घामानं ओला. मी रस्त्यावरची नजर न काढता म्हणते, "आबा, हात काढा. वळण हाय." "व्हय, व्हय," तुम्ही म्हणता, आणि काढता. वळण मी चांगलं घेतलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वाटेतच गेले. वाटेत कुठं, ते मी विचारलं नाही. पोरीनं किती धीरानं गाडी नेली, असं गावात अजून बोलतात. मनगटाचं मी कुणालाच सांगितलं नाही. आईलाही नाही, आणि आता तीही नाही. क्लास बंद केला की खोलीवर जाते, रेडिओ लावते, त्याच्याशीच थोडं बोलते.

सध्या एक काकू शिकायला येतात. मूळच्या बावड्याच्या, माझ्यासारख्याच एकट्या. मालक गेल्यापासून त्यांची गाडी दारात झाकून उभी होती. मुलगी साताऱ्याला दिलीय, तिचं बाळंतपण जवळ आलंय, म्हणून साठीत त्यांनी शिकायचं मनावर घेतलं. गाडी चालवता चालवता अखंड बोलतात: जावयाचा रुसवा, शेजारणीची मांजर, रात्री काय शिजवलं. मलाही विचारतात, "मॅडम, जेवला का ओ?"

आज त्यांच्या क्लासचा शेवटचा दिवस होता. एमआयडीसीतल्या रिकाम्या रस्त्यावर वळणं अशी घेतली, की तुम्ही बघत राहिला असतात. गाडी कडेला लावून त्यांनी विचारलं, "जमलं का ओ, मॅडम? निघू का उद्या पोरीकडं?" मी म्हणाले, "काकू, अजून हातावर हात चढतोय तुमचा. आणखी चार दिवस या." त्यांचा चेहरा एवढासा झाला. "बरं," म्हणाल्या. "सांगते तिला, जरा दम धर म्हणून."

हे कुठं धाडायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. आबा, त्यांचा हात चढत नव्हता. शेजारी बोलणारं माणूस आणखी चार दिवस हवं होतं, म्हणून मी खोटं बोलले.