उंबऱ्याच्या आत इंग्रजी

तांडा, ढाणकीजवळ,
ता. उमरखेड, जि. यवतमाळ
दि. ४ डिसेंबर २०२३

चि. शाम यास,

तुझ्या बापाचा आशीर्वाद. सौ. बबिता आणि चि. अर्पिता यांनाही आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस म्हणून हे पत्र लिहितो आहे. माझं अक्षर पाहून निदान पाकीट तरी फोडशील.

इकडे सगळं ठीक आहे. परवाच्या अवकाळीनं फुटलेली बोंडं भिजली, कापूस पिवळा पडला, आणि वेचायला बाया मिळत नाहीत. तूर फुलावर आहे. लाल्या बैलाच्या पायाची जखम भरली. पुण्यात थंडी पडली असेल, सांभाळून राहा.

तुझी आई आहे तशी आहे. उजवी बाजू अजून उठलेली नाही. शेजारची रामीबाई दोन वेळा येऊन पातळ भात भरवते. तोंडातून आवाज येतो, शब्द येत नाही.

काल बाबूसिंग आला होता. तुझा शाळेपासूनचा मित्र, पण बाजेवर बसला आणि चहाला नको म्हणाला. खाली बघत म्हणाला, "काका, शामनं विचारायला सांगितलं हाय. घनश्याम मास्तर म्हणून राह्यले ते खरं हाय का?" मी त्याला म्हटलं, माझ्या पोराला मी लिहीन, मधला माणूस नको.

तर उत्तर देतो. पण आधी सगळं ऐकून घे. अर्धं ऐकून उठायची तुला लहानपणापासूनची सवय आहे.

तुझी पोरगी अर्पिता माझ्याकडे ठेवायची हे तुझंच म्हणणं होतं. तुम्ही दोघंही कंपनीत, राहायला एक खोली, पोरीकडे बघणार कोण, हे तूच म्हणाला होतास. तिला इंग्रजी बोलता आलं पाहिजे, कंपनीत आपल्यासारख्यांना त्याच्यावाचून कुणी विचारत नाही, हेही तूच. मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. कोणी मला काम सांगितलं की ते मी अर्धवट सोडत नाही.

उन्हाळ्यात पुसदच्या त्या निवासी शाळेत आम्ही गेलो होतो, ते मी तुला कधी नीट सांगितलं नाही. मोठ्या बाईंनी अर्पिताला इंग्रजीत काहीबाही विचारलं. पोरगी माझ्या धोतराला धरून उभी. मग बाईंनी मला विचारलं. मला प्रश्न कळला नाही. मी हसलो आणि "येस, येस" म्हणालो. बाईंनी शेजारच्या क्लार्ककडे पाहिलं, मग माझ्याशी हिंदीत बोलायला लागल्या, पाणी मागवलं, आणि अगले साल आइए म्हणाल्या. तू तिथं नव्हतास.  परतीच्या एसटीतच नियम ठरवला.

नियम साधा होता. उंबऱ्याच्या आत फक्त इंग्रजी. मराठी नाही, आपली बंजाऱ्यांची गोर बोली तर मुळीच नाही. शब्द आला नाही तर दाराशी उभं राहायचं आणि डिक्शनरीत शोधायचा. कोणी सांगायचा नाही. सांगितलेला शब्द एका कानातून आत येतो, दुसऱ्यातून जातो. शोधलेला राहतो.

पी हळद अन् हो गोरी असं भाषेत होत नाही. मी रीतसर चाललो. आधी घरातले शब्द घेतले. दार, भिंत, चूल, मडकं, सगळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. मडकं फुटलं तेव्हा 'ब्रोकन' दिला. त्या शब्दाची तीन वाक्यं केल्याशिवाय भाकर दिली नाही. मग शेतातले, मग जनावरांचे, मग शरीराचे. कोपर, घोटा, भुवई, टाच. पुसदच्या पोरांना 'अँकल' म्हणजे घोटा हे येत नसेल, हिला येत होतं. आजाराचे शब्द दिवाळीनंतर घ्यायचे ठरवले होते.

तुझ्या आईच्या पदरालाही एक चिठ्ठी टाचली होती, 'ग्रँडमदर' म्हणून. गंमत होती, पोरगी हसली. तुझी आई ती तशीच लावून ढाणकीच्या बाजाराला गेली. तिला काय कळणार त्यावर काय लिहिलंय. बाजारात पोरं मागं लागली. घरी येऊन तिनं चिठ्ठी काढली, घडी करून देवापाशी ठेवली. बायकांना गंमत कळत नाही.

खरी अडचण तीच होती. मी घरात पोरीकडून घोटून घ्यायचो आणि पोरगी अंगणात पळायची, आजीच्या मांडीवर डोकं ठेवून सगळी गोर बोली बोलून मोकळी व्हायची. भोकाच्या बादलीत पाणी भरल्यासारखं झालं. म्हणून मी नियम फाटकापर्यंत नेला. अंगणातही इंग्रजी, गोठ्यातही इंग्रजी. त्यानंतर दोघी बाजेवर शेजारी शेजारी बसून असायच्या. एकीला इंग्रजी येत नाही, दुसरीला बोली बोलायची परवानगी नाही. तुझी आई मला म्हणाली, माझी नात माझ्यापासून कशाला तोडता, मी अजून किती दिवस आहे. मी म्हटलं, तुझ्या बोलीनं तिला नोकरी मिळणार आहे का?

आता तू म्हणशील म्हातारा कठोर आहे. होतोच. पण दसऱ्यापर्यंत पोरगी इंग्रजीत भांडायला लागली होती. भाजी खारट आहे हे इंग्रजीत सांगायची. तुमच्याशी फोनवर बोलली तेव्हा बबिताच्या डोळ्यांत पाणी आलं, असं तूच सांगितलं होतंस, ते विसरलास का?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी घनश्याम मास्तर आला. मी आणि तो एका शाळेत होतो. त्याची नात उमरखेडला इंग्रजी शाळेत आहे, हे तो बोलण्यात दर वेळी आणतो. मी म्हटलं, आमची अर्पिता शाळेत न जाता बोलते, थांब, ऐक. तेवढ्यात ती गोठ्याकडून पळत आली. उंबऱ्यावर पाय देऊन म्हणाली, "दादी..." आणि पुढं आपल्या बोलीत काहीतरी.

मी हात वर केला. इंग्लिश, म्हटलं.

ती थांबली. "ग्रँडमदर," म्हणाली, "ग्रँडमदर इज..." आणि शब्द येईना. गोठ्याकडे हात करायला लागली. मी म्हटलं हात नाही, तोंड. ती रडायला लागली. घनश्यामच्या चेहऱ्यावर हसू आलेलं मी पाहिलं. मी डिक्शनरी तिच्या हातात दिली.

ती पानं उलटत उभी राहिली. घनश्याम म्हणाला, "मास्तर, पोरगी काहीतरी सांगून राह्यली, सांगू द्या ना तिले." मी म्हटलं, आज सोडलं तर जन्माचं सुटेल. खरंच असं वाटलं मला. तुला शिकवतानाही मी असंच करायचो, तू उभा राहायचास. ती पानं उलटत होती आणि मध्ये मध्ये गोठ्याकडे बघत होती. किती वेळ गेला ते घनश्याम एक सांगतो, मी एक सांगतो. त्याची उचलली जीभ लावली टाळ्याला.

मग तिनं डिक्शनरी खाली ठेवली आणि सरळ उभी राहून म्हणाली, "ग्रँडमदर इज ब्रोकन."

शाम, आता जे लिहितो ते मी कोणाला सांगितलेलं नाही. पहिल्यांदा मला आनंद झाला. शब्द बसत नव्हता, पण जवळ असलेल्या शब्दावर तिनं काम भागवलं, आणि भाषा यायला लागली म्हणजे हेच असतं. मी घनश्यामकडे बघून म्हटलं, बघ, याला म्हणतात शब्दसंपत्ती. मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. तिनं पुन्हा म्हटलं.

घनश्याम आधी उठला. मी त्याच्या मागून गेलो. तुझी आई गोठ्यापाशी पाण्याच्या टाक्याजवळ पडली होती, तोंड वाकडं झालं होतं, पण डोळे उघडे होते. टाक्यापासून आमची बैठक दिसते. तिला सगळं दिसत असणार.

पुढचं तुला माहीत आहे. आधी उमरखेड, मग पुसद. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बोलणं वाचलं असतं. कोणाला कधी कळलं, हे त्यांनी विचारलं. तांड्यातले लोक उभे होते, रामीबाई होती, बाबूसिंग होता. मी म्हणालो, पोरगी तिच्याजवळ होती, तिनं सांगितलंच नाही वेळेवर, खेळत बसली असेल.

तोंडातून गेलं. एकदा गेलं म्हणजे गेलं. घनश्याम जीप लावायला बाहेर गेला होता, नाहीतर तिथंच बोलला असता.

रात्रभराचा प्रवास करून तुम्ही दोघं दवाखान्यात आलात आणि रामीबाईनं तुला तेच सांगितलं. तू पोरीला विचारलंस, काहून सांगितलं नाही? ती माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं आता बोलेल. तिनं तोंड उघडलं, आणि माझ्याकडेच बघत राहिली, परवानगी मागितल्यासारखी. मी खिडकीकडे पाहिलं. मग तू तिला मारलंस. एकदा मारून थांबला असतास तरी चाललं असतं. मी शेजारीच बाकावर होतो. हात लांबवला असता तर तुझा हात धरता आला असता.

तुम्ही तिला पुण्याला घेऊन निघालात तेव्हा बबिता दाराशी जरा मागं थांबली. पदर डोक्यावर घेऊन म्हणाली, "मामाजी, माही पोरगी खोटं बोलत नाही. पण थे आता बोलूनच नाही राह्यली. तिले काय झालं थे तुमालेच ठाव असन." मी म्हटलं, घाबरली आहे, चार दिवसांत बोलेल. बाबूसिंग म्हणतो अजून बोलत नाही. कोणत्याच भाषेत नाही म्हणे.

तर घनश्याम म्हणतो ते खरं आहे. पोरगी सांगायला आली होती. लगेच आली होती.

इकडचं म्हणशील तर तुझी आई दिवसभर फाटकाकडे बघत असते. डाव्या हातानं काहीतरी विचारते, कमरेएवढी उंची दाखवते. म्हणजे पोरगी कुठं आहे. मी सांगतो, शाळेत आहे. मग ती माझ्याकडे बघते. तिला सगळं ठाऊक आहे, आणि तिला बोलता येत नाही. एकदा माझ्या मनात आलं की देवानं लाज राखली. मी तिच्याजवळ बसत नाही, म्हणून रामीबाई लागते.

आता माझं म्हणणं ऐक. रागात काही करू नको. मी या तांड्यात मास्तर म्हणून राहिलो आहे. लोक आजही पोरांचे कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात, लग्नाची बोलणी माझ्या अंगणात होतात. हे बाहेर गेलं तर तुझ्या बापाला घराबाहेर पाय टाकता येणार नाही. घनश्यामचं मी बघतो. तो म्हातारा झाला, त्याला भास होतात, असं मी दोन-चार जणांना आधीच सांगून ठेवलं आहे. बाबूसिंगला तू सांग की बापाचं पत्र आलं, तसं काही नाही. बबितालाही तेच सांग. बाईच्या पोटात गोष्ट राहत नाही.

पोरीचं वय काय. तिच्या हातून चूक झाली असं सगळ्यांना वाटत असेल तर ते चार वर्षांत विसरतील, तीही विसरेल. माझं तसं नाही, माझ्या वयात विसरायला कोणी वेळ देत नाही.

पुसदच्या शाळेचं मी सोडलेलं नाही. उन्हाळ्यात मुलाखती आहेत. होळीनंतर तिला इकडे पाठव. बोलायला मी लावीन. जिथं अडलं होतं तिथून पुढं घेऊ.

हे पत्र वाचून जाळून टाक. पोरीला जवळ घे, आणि रडत असली तर तिला सांग, आजोबा तुझ्यावर रागावलेले नाहीत. आजोबांनी तुला माफ केलं.

तुझा बाप,
रामधन