तांबड्या शाईतले मानपत्र

अखिलब्रह्मांडविख्यात, वेदश्रवणोत्सुककर्णद्वय, चतुर्विंशतितीर्थंकरचरणरजोधूसर, आर्याष्टांगमार्गैकपांथ, जीर्णद्विचक्रीवाहनारूढ, खडूचूर्णविभूषित, इयत्ता सहावी 'ब' या त्रिभुवनदुर्लभ साम्राज्याचे एकमेवाद्वितीय चक्रवर्ती, परमपूज्य सर,

ही बिरुदावली तुम्ही ओळखली असेलच. आष्टीच्या आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी तुमच्यासाठी जे विनोदी मानपत्र वाचले, त्याचाच हा आरंभ. तेव्हा मी त्या शाळेत नुकता लागलेला संस्कृतचा शिक्षक होतो, आणि त्याआधी तुमचाच विद्यार्थी. आता माझ्या केशसंभाराचा अस्तकाल उपस्थित झाला आहे आणि तुम्हाला जाऊन नऊ वर्षे झाली आहेत. एवढ्या अवधीत मी तुम्हाला एकही गंभीर वाक्य लिहिलेले नाही. आज प्रयत्न करतो.

सहावीच्या पुस्तकात हिंदू, जैन आणि बौद्ध मिळून जेमतेम तीन पाने. तुम्ही त्यांना तीन आठवडे देत होता, आणि त्या त्या आठवड्यात त्या त्या धर्माने राहत होता. पहिल्या आठवड्यात तुम्ही उत्तरे देणेच बंद करायचा. वेदांना कोणी एक संस्थापक नाही, ऋषींनी ते ऐकले आणि पुढच्यांनी मुखोद्गत ठेवले, मग यज्ञाच्या धुरातून उठून काही माणसे अरण्यात गेली आणि 'मी कोण' असे विचारू लागली, एवढे सांगून तुम्ही आमच्याकडे पाहत बसायचा. एकाने विचारले, "सर, मंग आत्मा दिसते कुठं?" तुम्ही म्हणालात, "पाहून कोन राह्यला, थे सांग पह्यले." दुसऱ्या आठवड्यात जैन घरांतला आचार. शाळेच्या विहिरीचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळून माठात भरायचे, आणि फडक्यात अडकलेले न दिसणारे जीव त्याच विहिरीत परत सोडायचे. तेही बादली पाण्यापर्यंत उतरवून, कारण वरून ओतले तर जीव आपटतात. मी बारा वर्षांचा आहे आणि उन्हात ताटकळलो आहे. "काऊन सर, मेले त मेले, दिसत कुठं हायेत?" तुम्ही ओले फडके माझ्याच हातात देता. "तुले दिसत नाई म्हनून त्याले लागत नाई काय?"

तिसऱ्या आठवड्यात पंचशील आणि चार आर्यसत्ये. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण तृष्णा, ती शमते, आणि शमण्याला मार्ग आहे, हे फळ्यावर लिहून तुम्ही सायंकाळी बौद्ध वस्तीतल्या विहारात मागच्या रांगेत जाऊन बसायचा, आणि परतताना वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी चहा घ्यायचा. पहिल्या दोन आठवड्यांविषयी गावाची काही तक्रार नव्हती.

मानपत्रात मी तुम्हाला 'प्रतिवर्षी त्रिवार धर्मांतर करणारे एकमेव भारतीय' असे गौरविले होते. सभागृह हसून कोसळले. तुम्हीही हसलात, डोळे पुसलेत, आणि कागद मागून घेतलात. दुसऱ्या दिवशी तो तांबड्या शाईने तपासून परत आला. 'महावीर हे जैन धर्माचे आद्य संस्थापक' यापुढे: "चूक. परंपरेनुसार चोविसावे तीर्थंकर." 'बुद्धाने अमर आत्म्याचा उपदेश केला' यापुढे: "चूक. ते उपनिषदांचे मत. आत्मा जैनही मानतात, पण प्रत्येक जिवाचा वेगळा. बुद्धांनी कायम टिकणारा आत्माच मानला नाही." 'त्रिवार धर्मांतर' या शब्दांखाली केवळ एक रेघ होती, शेरा काही नाही. तळाशी दहापैकी सहा गुण.

पुढे काय झाले ते तुम्ही जाणता. तुमच्या मुलीचे वर्ध्याच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या घरी ठरले होते, काकूंनी भांड्यांवर नावेही घालून घेतली होती. महिन्याभरात निरोप आला की नवरदेवाकडच्यांचा विचार बदलला. कारण कोणी लिहून दिले नाही, पण ते गावभर झाले: सर बौद्ध झाले म्हणे, शाळेच्या कार्यक्रमात जाहीर वाचून दाखवले. तुम्ही त्यावर मला एक अक्षर बोलला नाहीत. मीही बोललो नाही. शिक्षकांच्या खोलीत आपण पुढची सहा वर्षे एकाच किटलीतला चहा प्यालो.

तेव्हापासून मी तुमच्याच अभ्यासक्रमात आश्रय शोधत हिंडतो आहे. प्रथम बुद्धाकडे गेलो, कारण तिथे कर्म म्हणजे हेतू, आणि माझा हेतू केवळ हास्यनिष्पत्तीचा. सुटलो, असे वाटले. मग सम्यक वाणी आडवी आली. तीत निरर्थक बडबडही वर्ज्य आहे, आणि अस्मादिकांचे समग्र वाङ्मय त्याच सदरात मोडते. जैनांकडे कर्म म्हणजे जिवाला चिकटणारी सूक्ष्म धूळ, आणि ती चिकटायला बेफिकिरीही पुरते. तिथे मी फार वेळ थांबलो नाही. स्वगृही परतलो तर प्रायश्चित्तांची विपुलता दिसली, परंतु केलेले भोगल्यावाचून सुटत नाही, हेही तिथेच. केले एकाने आणि भोगले दुसरीने, तर काय करावे, याची व्यवस्था मला कुठेच सापडली नाही.

गेल्या महिन्यात वर्ध्याला गेलो होतो. तुमची मुलगी तिथल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिने लग्न केले नाही. पुस्तकावर शिक्का मारता मारता ती आपण होऊन बोलू लागली. "भाऊ, आईनं बाबाले लय सांगतलं, एक डाव वर्ध्याले जाऊन सांगून या का मी हिंदूच हावो म्हनून. बाबा नाई गेले. म्हने, मी थो नाई असं हात जोडून सांगतलं त त्या वस्तीतल्या पोराइले काय वाटन? बौद्ध म्हननं का शिवी हाय?"

"आणि तुला काय वाटलं?"

"मले बी तसंच वाटलं होतं," ती म्हणाली. "पन मले कोनं इचारलंच नाई. ना त्या लोकायनं, ना बाबानं." आणि तिने पुढचे पुस्तक ओढले.

तुमचा नकार किती थोर होता, हे मला त्या क्षणी प्रथम कळले, आणि त्यात काय राहून गेले होते, तेही. ती चूक मी कोणत्या शाईने दाखवावी, सर? मला तो अधिकार नाही. कारण तो निरोप येण्याच्या आठ दिवस आधी नवरदेवाचे काका बाजाराच्या दिवशी आष्टीला आले होते. तुमच्याकडे नव्हे, माझ्याकडे. एसटी स्टँडवर त्यांनी मला बाजूला घेतले. "मास्तर, तुमी त त्यायचे शिष्य. सर धर्म बदलून राह्यले म्हन्तेत, खरं हाय का?" ती थट्टा माझी होती, एवढे सांगणे पुरे होते. त्यांच्या कपाळावरची आठी मला दिसत होती. मी म्हणालो, "एकच कुठं, दर साली तीन बदलून राह्यले!" ते हसले नाहीत. मी हसलो.

हे मी तुम्हाला सांगितले नाही, आणि त्या दिवशी ग्रंथालयात तिलाही नाही. तुम्हाला हे पत्र पोचणार नाही. जिला पोचू शकते तिला देण्याइतके धैर्य माझ्या संस्कृतात नाही.

बाकी कुशल. इतिहासाला शिक्षक मिळेना, म्हणून सहावीचा तो धडा आता मीच घेतो, आणि दुसऱ्या आठवड्यात तुमच्याप्रमाणे फडके घेऊन पाणी गाळतो. परंतु विहीर बुजवली आहे, पाणी नळाने येते. व्हरांड्यात फडके पिळले तर मुख्याध्यापक म्हणतात, फरशी ओली करू नका. मोरीत पिळले तर मुले ओरडतात, "सर, हे चीटिंग हाय!" मग ते ओले फडके हातात धरून मी तास संपेपर्यंत उभा राहतो, सदऱ्याची बाही भिजते, आणि नळाचे पाणी नळात परत कसे सोडायचे, हे कोणी सांगत नाही.