कानबाईच्या रोटाआधी

पिंप्राळा, जळगाव
दि. १३ ऑगस्ट १९९६

तीर्थस्वरूप भाऊंस,
मंजुळाचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक. गणू शाळेत रमला आहे. ह्यांची तब्येत बरी आहे. डाळमिलमध्ये काम भरपूर आहे. जाऊबाई ताईंना म्हणावं, मी सांगितलेलं तेल गुडघ्याला लावत जा.

लग्न झाल्यापासून तुमच्यासमोर मी कधी तोंड उघडलं नाही. जेठ आले की पदर घ्यायचा आणि आत जायचं, हेच शिकले. म्हणून पत्र बघून तुम्ही चिडाल. चिडा, पण शेवटपर्यंत वाचा.

वर तब्येत बरी आहे लिहिलं ते खोटं आहे.

मागच्या आठवड्यात तुम्ही कानबाईच्या रोटांचं आमंत्रण द्यायला आलात. ह्यांनी चहाआधी गोळी जिभेखाली ठेवली आणि तुम्ही ती पाहिली. ट्रक चालवताना लागलेला गर्द सुटावा म्हणून धुळ्याच्या डॉक्टरांनी ती दिली आहे, एवढं हे बोलले. तुम्ही म्हणालात, "ही बी नशाच शे." ती सुटल्याशिवाय कानबाईसमोर, घरातल्या प्रत्येक पुरुषाची पडते तशी, त्यांच्या नावाची सव्वा मूठ गहू रोटांसाठी पडणार नाही, असंही म्हणालात. ह्यांनी गोळ्यांची पुडी तुमच्या हातात दिली. थोरल्या भावाला नाही म्हणायची आपल्या घरात रीत नाही. मी चौकटीआड उभी होते.

दुसऱ्या दिवसापासून अंगात कळा, नाक वाहायला लागलं, पोटात अन्न ठरेना. मी म्हटलं, धुळ्याला जाऊन दुसऱ्या गोळ्या आणू. तर म्हणे, भाऊंना शब्द दिला आहे. शुक्रवारी मिलमधून परस्पर कुठे गेले ते कळेना. संध्याकाळी धनसिंग ड्रायव्हर रिक्षा घेऊन दारात आला. वहिनी, चला लवकर, म्हणाला.

हायवेवर उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये पडले होते. ओठ निळे. मी गालावर मारलं, हाका मारल्या, डोळे उघडेनात. श्वास येतोय की नाही ते बघायला तोंडाजवळ हात धरला, पण काही कळेना. भाऊ, त्या घटकेला मला तुमचा राग आला. अजून आहे.

दवाखान्यात वाचले. शुद्धीवर आल्यावर पहिलं बोलले ते, "भाऊले सांगू नको." म्हणून मी सांगते आहे.

काल धुळ्याला गेलो. डॉक्टर ओरडले नाहीत. मी विचारलं, ही पण नशाच ना? ते म्हणाले, गोळी घेऊन हा कामावर जात होता ना? जेवत होता, मुलाला ओळखत होता? मग? गोळी अशी एकदम तोडली की जुनी तलफ उसळते, आणि अंगाची सवय मोडलेली असते, त्यात पूर्वीइतका गर्द घेतला की माणूस जातो. बंद करायची तर तेच करतील, हळूहळू. आजपासून परत सुरू केली आहे. डबा माझ्याकडे असतो.

तुम्ही नेलेली पुडी टाकून देऊ नका, पोरासोरांच्या हाती लागेल. जपून ठेवा, आल्यावर मला द्या.

आम्ही रोटांना येतोय. ह्यांची मूठ घालायची नसेल तर गणूचीही घालू नका. पुढच्या वर्षापासून आम्ही इथे पिंप्राळ्यात आमचे रोट वेगळे करू. भाऊबंद काय म्हणतील ते मला माहीत आहे, आणि हे लिहिताना मला रडू येतंय, पण ते मी करीन.

सकाळी पूजेला बसायच्या आधी ह्यांना गोळी देईन, सगळ्यांच्या देखत. विरघळेपर्यंत तोंड उघडता येत नाही. तेव्हा ह्यांना काही विचारू नका. विचारायचं ते मला विचारा.

आपल्याच घरची,
मंजुळा